घरात ५.१ आवाज: डब्याच्या किमतीपलीकडचा खर्च

टीव्ही ४३ इंची, चित्र झकास, पण पात्रं काय बोलतात ते कळत नाही. म्हणून आवाज वाढवावा, तर गाणं किंवा मारामारी लागली की घर दणाणतं. ही तक्रार घरोघरची आहे. कामथडीसारख्या पुणे-सातारा महामार्गाला लागून असलेल्या गावात ती जास्तच, कारण अवजड गाड्यांची घरघर रात्री उशिरापर्यंत चालू असते आणि बोलण्याचे बारकावे आधी त्या घरघरीतच बुडतात.

दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या बांध्यात असतो. चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. दुसरं कारण, सिनेमाचा ५.१ आवाज सहा वाटांनी येतो: समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, आणि जमिनीलगतचा जड आवाज देणारा सबवूफर. संवाद मुख्यतः मधल्या वाटेवर असतात. टीव्ही या सहा वाटा दोनात कोंबतो, तेव्हा संवाद संगीताखाली दबतात.

यावर दुकानदार एक आकडा सांगतो, ‘होम थिएटर एवढ्याला’. तो आकडा वस्तूचा असतो. वायर, पिना, आवाज उलगडणारा डबा, विजेपासून संरक्षण, वायरमनची मजुरी हा जोडणीचा खर्च वेगळा असतो आणि तो आधी कागदावर मांडला नाही तर महाग सेटसुद्धा दोनच स्पीकरवर वाजत राहतो. उलटही होतं. घरातल्या जुन्या सेटला दोन-तीन हजारांची जोड दिली की नवा घ्यावा लागत नाही. खाली दिलेले भाव २०२५ अखेरचे, ढोबळ आहेत. सणासुदीला ते खाली येतात.

पहिला प्रश्न फुकटात सुटतो. घरात नेमकं काय पाहिलं जातं? डीडी फ्री डिश असेल, मासिक वर्गणी नसलेली, तर तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्यांचा आवाज दोन वाटांचाच असतो. त्यावर सहा स्पीकर लावले तरी मागचे दोन समोरच्याचीच नक्कल करतात. अशा घराने ५.१ च्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सबवूफरसह चांगला दोन वाटांचा सेट किंवा साधा साऊंडबार ४ ते ७ हजारांत येतो आणि बातम्या, मालिका, भजन, क्रिकेट यांना तो पुरतो. वर्गणीच्या डिशवर एचडी बॉक्स असेल तर काही एचडी वाहिन्यांवर डॉल्बीचा बहुवाटी आवाज मिळतो, पण तो बॉक्सच्या सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. खरा ५.१ आज येतो तो ओटीटीवरून आणि डिस्कवरून. ओटीटीतही फरक आहे. यूट्यूबवरचं बहुतेक सगळं दोन वाटांचं असतं. नेटफ्लिक्सवर ५.१ मिळतो, पण डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही येणारा आवाज, फक्त सर्वांत महागड्या प्रीमियम योजनेत मिळतो. ती महिना ६४९ रुपयांची, वर्षाला ७,७८८. ॲटमॉसचा सेट घेताना हा खर्च त्याच्या किमतीत धरा.

आता मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीच्या पाठीमागे बघा. एचडीएमआयची दोन-तीन चपटी भोकं दिसतील. त्यांतल्या एकाच्या कडेला बारीक अक्षरांत ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असेल. तेच आपलं भोक. बाकीची फक्त टीव्हीत आवाज आणतात, हे एक टीव्हीतून आवाज बाहेरही सोडतं. ही सोय एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीबरोबर २००९ मध्ये आली, तिची सुधारित ‘ई-एआरसी’ २.१ आवृत्तीबरोबर २०१७ मध्ये. साध्या एआरसीतून ५.१ आणि ओटीटीवरचा ॲटमॉस जातो. ब्लू-रे डिस्कवरचा पूर्ण, न दाबलेला आवाज हवा असेल तरच ई-एआरसी लागते. त्यामुळे नुसत्या ‘ई’साठी टीव्ही बदलू नका.

टीव्ही जुना असेल तर चौकोनी, झडप असलेलं लहान भोक शोधा. ते ऑप्टिकल. टीव्ही चालू असताना त्यातून लाल उजेड दिसतो, कारण तारेतून वीज न जाता प्रकाश जातो. यातून दोन वाटांचा स्वच्छ किंवा ५.१ चा दाबलेला आवाज जातो, ॲटमॉस जात नाही. नव्या ऑप्टिकल तारेच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते. ती काढल्याशिवाय पिन बसत नाही, आणि जोर लावला तर टीव्हीचं भोक तुटतं. तार २०० ते ५०० रुपयांना मिळते, एचडीएमआयची दीड-दोन मीटरची ३०० ते ८०० ला. हजारो रुपयांची ‘सोन्याची पिन’ घेऊन या अंतरात आवाज सुधारत नाही. तिसरी सोय हेडफोनच्या भोकाची किंवा लाल-पांढऱ्या पिनांची. तिच्यातून दोनच वाटा निघतात. ब्लूटूथचंही तेच: आवाज दोन वाटांचा, आणि बऱ्याचदा ओठ हलल्यावर थोड्या उशिराने येणारा.

या भागात बऱ्याच घरांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एक सेट असतो: मोठा सबवूफर, त्याला पाच छोटे स्पीकर, पुढे निळा दिवा, यूएसबी, एफएम. तो ‘५.१’ म्हणून घेतलेला असतो आणि त्याच्या मागे सहा गोल भोकं असतात. टीव्हीतून दोन पिना काढून त्यातल्या दोनांत घातल्या की सगळे वाजतात, पण सगळीकडून एकच आवाज येतो. सेट खराब नसतो. त्याला डॉल्बीचा गुंफलेला आवाज उलगडता येत नाही, एवढंच. ते काम करणारा ‘५.१ डिकोडर’ नावाचा तळहाताएवढा डबा १,५०० ते ४,००० रुपयांना मिळतो. टीव्हीची ऑप्टिकल तार डिकोडरच्या एका बाजूला जाते, दुसऱ्या बाजूच्या सहा भोकांतून सहा पिना सेटमध्ये जातात. भोकांवर समोरचे, मागचे, मधला, बेस अशी खूण असते. डिकोडर आणि सेट यांच्यावरची खूण जुळवा, पिनांच्या रंगावर विसंबू नका, कारण रंग कंपनीगणिक बदलतात.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. स्वस्त डिकोडरला बऱ्याचदा जुना ‘डॉल्बी डिजिटल’ उलगडता येतो, ओटीटीचा नवा ‘डिजिटल प्लस’ नाही. म्हणून टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘डॉल्बी डिजिटल’ निवडता येतं का ते बघा. आणि ओटीटीची कांडी (स्टिक) टीव्हीला लावलेली असेल तर काही जुने टीव्ही तिचा ५.१ आवाज ऑप्टिकलवर दोनच वाटांनी सोडतात. तसं झालं तर कांडी आणि टीव्ही यांच्यामध्ये आवाज वेगळा काढणारा डबा लागतो, तो आणखी हजार ते अडीच हजारांचा. दोन्ही धरूनही जुना सेट ३ ते ७ हजारांत खरा ५.१ होतो. मात्र सेटचे स्पीकर फाटके असतील, रबराची कड सुटली असेल, तर हा पैसा घालू नका.

नवाच घ्यायचा तर दोन वाटा आहेत. मागच्या स्पीकरसह येणारा साऊंडबार साधारण १३ ते २५ हजारांत मिळतो. यात उलगडणारं यंत्र आतच असतं, एआरसीची एक तार लावली की झालं. त्या खालोखालच्या किमतीत अनेक साऊंडबार खोक्यावर ‘सराऊंड’ लिहितात, पण मागे स्पीकरच देत नाहीत. खोक्यावरचं चित्र बघा, स्पीकर मोजा. दुसरी वाट वेगळ्या ॲम्प्लिफायर-रिसीव्हरची. तो ३० हजारांच्या पुढे आणि पाच स्पीकर, सबवूफर मिळून तेवढेच किंवा अधिक. साठ-सत्तर हजार हा त्याचा आरंभ समजा. फायदा असा की एक स्पीकर गेला तर एकच बदलता येतो आणि सेट-टॉप बॉक्स, डिस्क, गेम सगळं रिसीव्हरलाच लागतं. घरात गाण्याची खरी आवड असेल तरच हा खर्च पटतो. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. त्यातली व्हायोलिनं छोट्या प्लॅस्टिकच्या खोक्यांतून ऐकणं आणि नीट स्पीकरमधून ऐकणं यात ऐकणाऱ्याला फरक कळतोच. असं घर असेल तर पैसा आधी समोरच्या तीन स्पीकरांवर घाला. मागचे दोन साधे चालतात.

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. ‘पीएमपीओ १०,०००’ हा आकडा काहीच सांगत नाही. ‘आरएमएस’ किती ते विचारा. बारा बाय पंधराच्या खोलीला सगळे मिळून शंभर-दीडशे वॅट आरएमएस भरपूर झाले.

वायरीचा हिशेब घरी बसून टेपनेच करावा. टीव्ही बारा फुटांच्या भिंतीवर आणि बैठक समोरच्या भिंतीकडे असेल तर भिंतीच्या कडेने मागच्या प्रत्येक स्पीकरपर्यंत सात-आठ मीटर जातात. दोघांचे मिळून, थोडी सैल धरून, वीस मीटर. शुद्ध तांब्याची १६ गेजची स्पीकर वायर मीटरला ४० ते १०० रुपये, म्हणजे ८०० ते २,०००. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते. टोक चाकूने खरवडलं की आतून पांढरी निघते, ती घेऊ नका. वर प्लॅस्टिकची पट्टी लावली की वायर झाकते आणि उंदरांपासूनही वाचते. शेत लागून असलेल्या घरात ही पट्टी हवीच.

लाल-काळं मात्र चुकवू नका. एका स्पीकरला उलटं लागलं तर जड आवाज एकमेकांना मारतो आणि सगळा सेट पोकळ वाटतो. वायरीवर खूण नसेल तर एक साधी परीक्षा आहे. सेट बंद करा, वायर सेटच्या बाजूने सोडवा आणि घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलला तिची दोन टोकं क्षणभर लावा. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली वायर लाल, आत गेला तर काळी. तिला चिकटपट्टीची खूण करा आणि पुढच्याकडे जा. स्पीकरची जाळी काढून बोट अलगद टेकवलं तर हे हलणं बोटाला कळतं.

समोरचे दोन स्पीकर बैठकीपासून टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, मागचे दोन साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे ठेवावेत, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीचा हिशेब आहे. मागचे स्पीकर छताच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडावी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडं वर पुरे. नव्या स्लॅबच्या घरात गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती आणि मोठ्या काचा असतात, त्यामुळे आवाज घुमतो. इथे पैसे लागत नाहीत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक जाड गोधडी टांगून, खाली सतरंजी अंथरून ऐका. संवाद तेवढ्यानेच सुटे होतात. कौलारू, मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात हा त्रास मुळात कमी असतो. तिथे प्रश्न पत्र्याच्या पडवीचा, पावसाळ्यात तिच्यावरचा मारा चालू झाला की कुठलाच सेट पुरत नाही.

घर बांधायला काढलं असेल तर हे वाक्य गवंड्याला वाचून दाखवा: प्लास्टरच्या आधी टीव्हीच्या जागेपासून मागच्या दोन कोपऱ्यांपर्यंत पाईप टाका. स्पीकरला एक इंची चालतो. टीव्हीपासून खालच्या कपाटापर्यंत एचडीएमआयसाठी मात्र सव्वा इंची हवा, आणि काटकोनी एल्बोऐवजी लांब वळण. नाहीतर पिनेचं डोकं अडकतं. विजेच्या वायरीपासून फूटभर अंतर ठेवा. आज पाईपला पाचशे-सातशे रुपये जातील, नंतर भिंत फोडून रंग द्यायला अनेक हजार.

सगळ्यांत मोठा धोका वरून येतो. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या डोंगराळ तालुक्यांत मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतात. गच्चीवरची डिश, तिची तार, बॉक्स, टीव्ही, सेट ही सगळी एकाच धातूच्या साखळीत असतात. वीज जवळपास पडली की तिचा झटका विजेच्या पिनेतून तसाच डिशच्या तारेतूनही आत येतो. म्हणून नुसता खटका बंद करून भागत नाही. प्लग आणि डिशची तार, दोन्ही काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर फुकट मिळतं, ते आपल्या आसपासच्या विजांची सूचना देतं. सेट घेतलेल्या प्रत्येक घरात ते असावं.

पैसे घालायचेच तर वायरमनला आधी अर्थिंग तपासायला सांगा. सतत येणारा ‘हूं’ असा आवाजही बऱ्याचदा अर्थिंगच्या गोंधळामुळेच येतो. डिशची तार काढल्यावर तो थांबला तर टीव्ही ते सेट ही जोडणी ऑप्टिकलवर करा. तिच्यात धातू नसल्याने गुणगुण पुढे जात नाही आणि डिशच्या तारेतून आलेल्या झटक्याची सेटकडे जाणारी एक वाट बंद होते. मीटरच्या बोर्डात बसणारं लाट अडवणारं उपकरण १,५०० ते ४,०००, शॉक लागताच वीज तोडणारं उपकरण साधारण तेवढ्यालाच, आणि टीव्हीजवळ चांगला स्पाइक गार्ड ५०० ते १,२०० रुपये. अर्थिंग बिघडलेलं असेल तर यांतलं काहीच नीट काम करत नाही, म्हणून क्रम तोच ठेवा. डिकोडरचा ॲडॉप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची ‘आर’ अक्षराची नोंदणी खूण पाहून घ्या. रोज तीन तास, सरासरी पन्नास वॅट धरले तर महिन्याला साडेचार युनिट होतात. सर्व आकारांसह युनिट ६ ते १२ रुपयांना पडलं तरी २७ ते ५४ रुपये. वीजबिलाची काळजी नको.

घ्यावं कुठे? डिकोडर, पिना, वायर यांसाठी पुण्याच्या बुधवार पेठेतली तापकीर गल्ली उत्तम. भाव करता येतो, समोर लावून दाखवतात, आणि भोर-स्वारगेट एसटीने जाऊन यायला एक दिवस पुरतो. साऊंडबार किंवा सेट मात्र नसरापूर किंवा भोरच्या ओळखीच्या दुकानातून घेतला तर पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील, पण दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: बसवायला माणूस येणार का, आणि वॉरंटीत बिघडला तर कंपनीचा माणूस गावात येणार की सेट पुण्याला न्यावा लागणार. खोकं आणि थर्माकोल वर्षभर माळ्यावर ठेवा, ते नसल्यास सबवूफर वाटेत फुटतो. वायरमन बसवायचे ५०० ते १,५०० घेतो, पट्टी मारायची असेल तर जास्त. टीव्हीही बदलायचा असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या कराने ३० हजारांना मिळणारा टीव्ही त्याच मूळ किमतीवर २७,६५० च्या आसपास पडायला हवा. हे वाचलेले साधारण साडेतेवीसशे म्हणजे जवळजवळ सगळी वायर आणि स्पाइक गार्ड.

जोडून झालं तरी काम संपत नाही, पण पुढचं फुकट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेरच्या सेटवर वळवा, ‘डिजिटल आउटपुट’ला ‘पास थ्रू’ किंवा ‘ऑटो’ निवडा, फक्त जुन्या डिकोडरला ‘डॉल्बी डिजिटल’. ‘पीसीएम’ राहिलं तर साऊंडबारलाही दोनच वाटा मिळतात, आणि बसवणारा माणूस नेमकं हेच बघायचं विसरतो. ‘सीईसी’ चालू करा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने सेटचा आवाज कमी-जास्त होतो. हे सीईसी प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने लिहिते. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ‘लिप सिंक’मध्ये थोडं थोडं पुढे-मागे करा. ओटीटीच्या ॲपमध्ये प्रत्येक सिनेमाच्या आवाजाच्या यादीतही ५.१ निवडावा लागतो. रात्री ‘नाइट मोड’ लावा: मोठे आवाज खाली येतात, संवाद तसेच राहतात.

शेजाऱ्यांचाही हिशेब आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या आवाजाने हद्दीवर ती पाच डेसिबलपेक्षा जास्त ओलांडता कामा नये. सबवूफर भिंतीला टेकवलेला असेल तर शेजारच्या घरात भांडी वाजतात. तो वीतभर पुढे ओढा, खाली जाड रबर ठेवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला, मुलांच्या अभ्यासासाठी. दहावीचं मूल असलेल्या घराने सेट कुठल्या खोलीत बसवायचा हे ठरवताना तेवढं डोळ्यांसमोर ठेवावं.

बिल जीएसटीसह पक्कंच घ्या, सेटचा क्रमांक त्यावर हवा. सेट मुळात बिघडलेला निघाला आणि दुकान-कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. त्याने भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे इथल्या माणसाला पुण्यात, तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारीला बिल, वॉरंटीचं कार्ड आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने दिलेली प्रत्येक चिठ्ठी जोडावी लागते, तेव्हा ती पहिल्या फेरीपासूनच मागून घ्या.